तीन कट्टे आणि आठ किलो

पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांची वजनं घेत आले. एटापल्ली तालुक्यात, जंगलातल्या एका उपकेंद्रावर मी नर्स आहे. तिथे सगळे मला सिस्टरबाई म्हणतात. छताच्या आकड्याला काटा टांगायचा, खालच्या झोळीत बाळ ठेवायचं, बाळ किंचाळतं, काटा हलतो, आणि तो थांबला की मी आकडा वाचून बाळाच्या आईवर चिडते. आकडा जास्त आला म्हणून कोणावर चिडल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडे तो कमीच येतो. "लेकरू वाळून राह्यलं, तुले दिसत नाई का?" हे मी इतक्या वेळा बोलले आहे की झोपेतही बोलत असेन.

आणि हे सुनावणारी मी स्वतः कशी, तर उपकेंद्राच्या दारातून जरा तिरकी होऊन आत जाणारी. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या माझ्याखाली मोडल्यावर आमच्या आशाताईने गावातल्या सुताराकडून माझ्यासाठी लाकडी स्टूल करवून घेतलं. गावातल्या बायकांना माझ्या अंगाचं कौतुकच होतं. एक म्हातारी दर खेपेला माझा दंड दाबून बघायची आणि समाधानाने मान हलवायची. ती तिच्या बोलीत बोलायची ते आशाताई मला उलगडून सांगायची, "ते म्हणते, सिस्टरबाईच्या घरी धान चांगला पिकते." मलाही त्यात वावगं वाटत नसे. हाडं दिसणाऱ्या लेकरांच्या रांगेसमोर आपण भरल्या अंगाने उभं असणं मला सुरक्षित वाटायचं.

नवरा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात, पाळ्यांच्या ड्यूटीवर. आमचं घर तिकडे, माझं क्वार्टर इकडे, आणि महिन्यातून दोनदा भेट. मी दोन घरचं जेवते म्हणून फुगले, असं त्याचं म्हणणं.

पाळी बंद होऊन दोन वर्षं झाली होती. तेंदूपत्त्याच्या हंगामात, सगळं गाव पानं तोडायला जंगलात गेलेलं असताना, मला कपड्यावर लाल दिसलं. "पाळी गेल्यावर परत रक्त दिसलं तर त्याच दिवशी येऊन सांगा, लाजू नका," हे मी दर लसीकरणाला बायकांना हातवारे करून सांगते. मी स्वतः चार महिने कोणाला सांगितलं नाही. उन्हाचं असेल, धावपळीचं असेल, बीपीच्या गोळीचं असेल; कारणांची मला कमी नव्हती. पोळ्यानंतर एक दिवस इतकं गेलं की त्या लाकडी स्टुलावर डाग राहिला आणि तो आशाताईने पाहिला. तिने ओल्या फडक्याने डाग पुसला, माझ्या नवऱ्याला फोन लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

नागपूरच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्याने कॅन्सरच्या डॉक्टरबाईंनी समोर बसवून सांगितलं. पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, आतल्या अस्तराचा कॅन्सर. अजून आतच आहे, पसरलेला दिसत नाही. पिशवी काढायची. मी म्हटलं, काढा, उद्याच काढा. तेव्हा त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं. बाजारात बैल पाहतात तसे ते माझ्याभोवती एक चक्कर मारून आले. मला सपाट, पाठीवर झोपवलं. दोन मिनिटांत माझाच श्वास मला पुरेना. या ऑपरेशनला डोक्याची बाजू खाली करून तासन्‌तास ठेवावं लागतं, ते म्हणाले. एवढं पोट छातीवर आलं तर तुम्ही टेबलावरून उठाल याची मी खात्री देत नाही.

डॉक्टरबाईंनी मग दुसरा रस्ता सांगितला. रोग थोपवून धरायला हार्मोनच्या गोळ्या. तेवढ्या वेळात आधी जठराचं ऑपरेशन: जठराचा मोठा भाग कापून केळ्याएवढी नळी ठेवायची, म्हणजे खाणंही कमी होतं आणि भूकही. वजन उतरलं की पिशवी काढायची. "आणि हे नुसतं भुलेसाठी नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या चरबीतूनच एक हार्मोन तयार होतं आणि त्यावर हा रोग वाढतो. चरबी उतरली की त्याचा खुराक तुटतो." गोळ्या किती दिवस रोगाला थोपवतील, असं मी विचारलं. दर तीन महिन्यांनी बघू, म्हणाल्या. म्हणजे शर्यत लावून दिली होती, माझ्या वजनाची आणि त्या रोगाची, आणि मला जन्मात कधी धावता आलं नव्हतं.

हे घरी कसं सांगायचं? आमच्याकडे कॅन्सर ओळखतातच मुळी माणूस वाळतो त्यावरून. गडचांदूरची शेजारीण म्हणाली, "तुमाले काही नाई होत. एवढी तब्येत आहे, कॅन्सरवाल्याची अशी राह्यते का?" ते ऐकून मला बरं वाटलं आणि बरं वाटलं याचा रागही आला. नर्स असून मी शेजारणीच्या डोळ्यांवर विसंबत होते. नवऱ्याने कामाचा डबा भरला. मग म्हणाला, "म्हणजे एका दुखण्याले दोन ऑपरेशन," आणि डबा घेऊन ड्यूटीवर गेला.

दवाखान्यात आहार बघणारी एक मुलगी होती. दर सोमवारी मी तिला फोनवर वजन कळवायचं ठरलं. उपकेंद्रातला मोठ्या माणसांचा काटा एकशेवीसला संपतो. मी चढले की सुई टोकाला जाऊन चिकटून बसायची. आशाताईने डोकं चालवलं. गावात धान खरेदी सुरू झाली होती आणि गोदामासमोर धानाचे कट्टे मोजायचा इलेक्ट्रिक काटा मांडलेला होता. एक कट्टा म्हणजे चाळीस किलोचं पोतं. जेवणाच्या सुट्टीत जाऊ, तेव्हा कोणी नसते, असं ती म्हणाली. सगळे होते. ट्रॅक्टरच्या सावलीत बसून डबे खात होते. आता माघारी फिरणं म्हणजे आणखी शोभा, म्हणून मी चपला काढून काट्यावर चढले. मोजणारा सवयीने मोठ्यानेच बोलला, "तीन कट्टे, आठ किलो." कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने तर छान आहे अशा अर्थाने मान हलवली. रडू मला परत येताना रस्त्यात आलं, आणि आशाताई माझ्या दोन पावलं मागे चालत राहिली.

जठराच्या ऑपरेशनची तारीख धान निघून झाल्यावरची मिळाली. त्याआधी दोन आठवडे फक्त पातळ आहार. आपलं लिव्हर जठरावर पसरलेलं असतं. ते चरबीने सुजलेलं असेल तर दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये उचलता येत नाही, आणि ते उचलल्याशिवाय खालचं जठर दिसत नाही. दोन आठवडे भात, पीठ, गोड, तेलकट बंद ठेवलं की ते आकसतं. म्हणून पाण्यात कालवलेली प्रोटीनची पावडर, पातळ ताक, भाज्यांचं गाळलेलं पाणी, डाळीवरचं पाणी. बस. ती मुलगी मला दोनदा म्हणाली, मॅडम, हे दोन आठवडे म्हणजे अर्धं ऑपरेशन समजा. मी सुट्टी टाकून गडचांदूरला आले आणि मला सांभाळायला माझी थोरली बहीण आली.

थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. बाई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सिंदेवाहीकडच्या आमच्या गावात राहते, अंगाने काडी, सगळं आयुष्य धानाच्या बांधीत वाकून काढलेलं. आई गेली ती बाईच्या हातात. मी तेव्हा नर्सिंगच्या ट्रेनिंगला होते. आईला पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर परत अंगावर जायला लागलं होतं. त्याच महिन्यांत आमच्या वर्गात पाळी गेल्यानंतरच्या रक्तस्रावावर शिकवलं गेलं. मी वहीत त्याच्याखाली लाल पेनाने रेघ मारली आणि आई माझ्या मनातसुद्धा आली नाही. घरून निरोप यायचा, आईची तब्येत बरी नाही, खात नाही. बाई तिला वाटीने पेज पाजायची. शेवटी शेवटी आईने तोंड मिटून घेतलं. ती इतकी वाळली होती की आंघोळ घालताना गळ्याखालच्या हाडांमागे पाणी साचून राहायचं आणि बाई ते फडक्याने टिपून घ्यायची. हे तिने मला एकदाच सांगितलं आणि लगेच म्हशीचं काहीतरी बोलायला लागली.

बाईला वाचता येत नाही. दवाखान्याचा कागद मी तिला वाचून दाखवला तेव्हा त्यातलं "पातळ" तेवढं तिने पकडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढे काठोकाठ भरलेला गंज, म्हणजे पातेलं, आला. गावाहून आणलेल्या नव्या तांदळाची पेज, मीठ घातलेली, वर चमचाभर तूप.

"हे नाई चालत, बाई."

"काऊन? पातळ नाई का हे?"

"पातळ आहे. पण तांदळाचं आहे."

"तांदूळ त गाळून काढला मी. पाणीच त आहे." मग तिने आवाज खाली आणला. "आईनं तोंड मिटलं होतं. तू नको मिटू."

मी प्यायले. दुपारी परत एक गंज, संध्याकाळी आंबील. मला माहीत होतं. हे मी इथे सरळ लिहून ठेवते, कारण पुढे मी ते नाकारलं. पेजेत काय असतं ते मला चांगलं माहीत होतं. लेकरांची वजनं वाढावीत म्हणून मीच त्यांच्या आयांना घट्ट पेज पाजायला सांगते.

त्यात भेटायला येणारे. आमच्याकडे मोठ्या ऑपरेशनला निघालेल्या माणसाला आधी भेटून घ्यायची रीत आहे. परत दिसेल न दिसेल, असं तोंडाने कोणी म्हणत नाही, पण येतात त्यासाठीच. रिकाम्या हाताने कोणी येत नाही आणि आणलेलं समोर खाल्लेलं पाहिल्याशिवाय कोणी उठत नाही. बाई त्यांना दारातच सांगायची, "तिले फक्त पातळ चालते." त्यामुळे खिरी आल्या. शेवयांची आली, तांदळाची आली, गव्हाची आली, सगळ्या पातळ. पुरे, पुरे म्हणत मी वाट्या संपवल्या. आहारवाल्या मुलीचा फोन आला की सांगायचे, हो, सगळं पातळच चालू आहे. यात खोटं काय होतं, असं मी स्वतःला विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या कामाला लागायचे.

नागपूरला भुलेतून जाग आली तेव्हा पोटावर पट्ट्या होत्या आणि मला वाटलं, सुटले. मग सर्जन आले. त्यांनी त्यांच्या फोनवर एक फोटो दाखवला. पिवळट, फुगलेलं, सगळीकडे पसरलेलं काहीतरी. ते माझं लिव्हर होतं. "याच्याखाली जठर आहे, पण ते मला दिसलंच नाही," ते म्हणाले. "दोनदा उचलून पाहिलं, रक्त यायला लागलं. मी थांबवलं." म्हणजे पोटाला भोकं पाडून परत शिवली होती, बाकी काही केलं नव्हतं. "दोन आठवडे काय घेत होतात?"

बाई पलंगाशी उभी होती. तिच्या हातात थर्मास होता आणि थर्मासमध्ये पेज. ती अभिमानाने म्हणाली, "मी तिले एक दिवस उपाशी ठेवलं नाई, डॉक्टरसाहेब."

सर्जन थर्मासकडे बघणार असं वाटताच मी बोलून गेले, "मी चोरून खाल्लं, सर. लाडू. घरात कोणाला माहीत नाही."

बाईला वाचवलं, असं मला तेव्हा वाटलं. सर्जननी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या दिवसापासून त्या दवाखान्यात मी चोरून खाणारी पेशंट झाले. परत तारीख देण्याआधी समुपदेशन घ्यायचं ठरलं. तिथल्या मॅडम विचारायच्या, लाडू खावासा वाटतो तेव्हा मनात काय येतं? न खाल्लेल्या लाडवांबद्दल मी दर खेपेला काहीतरी रचून सांगायचे. त्या लिहून घ्यायच्या. असे दोन महिने गेले. खरं सांगितलं असतं तर पेज बंद करायला लावून तीनेक आठवड्यांत परत घेतलं असतं, हे मला आहारवाल्या मुलीने फार उशिरा सांगितलं. ते दिवस माझे नव्हतेच, त्या रोगाच्या वाट्याचे होते, आणि मी ते लाडवाच्या नावाने त्याला देऊन टाकले.

पण ते नंतरचं. दवाखान्यातून घरी आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी बाईने गंज समोर ठेवला आणि माझा तोल गेला.

"ने ते इथून! ह्या पेजेनंच झालं सगळं. लिव्हर फुगलं ते ह्याच्यानं. लाडू-फाडू काही नाई खाल्ले मी!"

बाईने गंज उचलला. मागच्या दाराशी पायरीवर जाऊन बसली, गंज मांडीवर. आतून मला तिची पाठ दिसत होती. मग मागे न वळता ती म्हणाली, "आईलेही मी हेच पाजत होती."

मला माझ्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मी भिंत धरत तिच्यापर्यंत गेले. टाके ओढत होते, खाली बसता येत नव्हतं, म्हणून उभ्यानेच बोलले. "आईले पेजेनं काही नाई झालं, बाई. आईचं दुखणं वेगळं होतं. तिले तू जगवलं तितके दिवस. अन् माह्या पेजेचं मले माहीत होतं. पह्यल्या दिवशीच माहीत होतं."

"माहीत होतं?"

"हो."

"मंग काऊन पेली?"

तू देत होतीस म्हणून, असं म्हणणार होते. ते अर्धंच खरं होतं. "मले भेव लागत होतं," मी म्हटलं. "वाळली का आईसारखी होईन, असं वाटत होतं."

बाई वळली. तिने वर पाहिलं आणि माझ्या दंडावर सणसणीत चापट मारली, लहानपणी मारायची तशी. "नर्स झाली म्हणे!" ती म्हणाली आणि पेज शेजारच्या गाईला घालायला उठली. मी दारातच उभी राहून रडले, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांनी मला हलकं वाटलं.

सर्जनला मात्र मी तेव्हाही खरं सांगितलं नाही. एकदा लाडू म्हटल्यावर आता पेज म्हणायची मला लाज वाटली. बायकांना लाजू नका म्हणणारी मी.

दुसऱ्या खेपेच्या दोन आठवड्यांत बाई दारातच बसली. भेटायला येणाऱ्यांना सांगायची, "तिले इन्फेक्शन झालं आहे, तुमालेही होईल." डबे फाटकातूनच परत गेले. आमची एक मामी तेव्हा रुसली ती अजून रुसलेलीच आहे. पावडर मापाच्या चमच्याने, वर सुरी फिरवून, बाई स्वतः कालवायची. आणि मी जे पीत होते तेच तीही प्यायला लागली.

"तू काऊन?"

"मले नाई गिळत तुह्यासमोर."

काडीची आणखी काडी झाली. शेवटी मलाच तिच्यावर ओरडून तिला भात खायला लावावा लागला, आणि ओरडण्याचा मला पंचवीस वर्षांचा सराव आहे. पण ते दोन आठवडे आम्ही निभावले. लिव्हर उचललं गेलं, जठर कापलं गेलं, आणि सर्जन येऊन म्हणाले की या वेळी त्यांना सगळं स्वच्छ दिसलं.

त्यानंतर वजन उतरायला लागलं. चार घासांत पोट भरायचं आणि पाचवा घास बाहेर यायचा. केस विंचरताना मूठ भरायची. गुडघे दुखायचे थांबले, झोपेत श्वास अडकायचा थांबला, दारातून मी सरळ जाऊ लागले. खुशी व्हायला हवी होती. व्हायचीही, अर्धा दिवस. मग ब्लाउजची बाही सैल झालेली दिसायची आणि मी आरशासमोर दंड दाबून बघायचे. हे हवं तसं होतंय की नको ते होतंय, हे आरशाला विचारून कळत नाही.

तेंदूपत्त्याच्या हंगामात मी कामावर परत गेले. लाल दिसलं त्याला वर्ष झालं होतं. गोदामासमोर उन्हाळी धानाचा काटा लागला होता. या वेळी मी भर गर्दीत जाऊन चढले. "दोन कट्टे, सत्तावीस किलो," मोजणारा म्हणाला आणि त्याने मला खालीवर पाहिलं. ती म्हातारी उपकेंद्रात आली. तिने माझा दंड दाबला. मान हलवली नाही. निघून गेली आणि थोड्या वेळाने पानाच्या द्रोणात सुकवलेली मोहाची फुलं आणून माझ्या मांडीवर ठेवली. जाताना दारातून ती काहीतरी बोलली. आशाताई ते उलगडून सांगायला तयार होईना. मी मागेच लागले तेव्हा खाली बघत म्हणाली, "ते म्हणते, सिस्टरबाईले कोणीतरी आतून खाऊन राह्यलं."

पहिल्या तपासणीत रोग होता तेवढाच होता. पुढच्या तपासणीतही तेवढाच. नंतर, गेल्या महिन्यात, डॉक्टरबाई स्कॅनसमोर बराच वेळ बसल्या. एक गाठ जराशी मोठी दिसते, त्या म्हणाल्या. काही नसेलही. असेलही. पोटात शिरल्यावरच कळेल, पण आता थांबायचं नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मला परत सपाट झोपवलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आणि मला श्वास पुरला. आता मी घेतो, ते म्हणाले. तेव्हा कुठे मी डॉक्टरबाईंना पेजेचं आणि लाडवाचं सगळं सांगितलं. त्या दोन महिन्यांनी फरक पडला का, असं विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. पडला असं मी म्हणणार नाही, त्या म्हणाल्या, आणि पडला नाही असंही म्हणता येणार नाही.

हे मी नागपूरच्या वॉर्डात पलंगावर बसून लिहिते आहे. दुपार आहे. दवाखान्याच्या काट्यावर आज शहाण्णव भरले, म्हणजे दोन कट्टे आणि सोळा किलो. नवरा कागदांच्या रांगेत उभा आहे. बाई खुर्चीत बसल्या बसल्या झोपली आहे. धानाची रोवणी अर्धी टाकून आली, पायाच्या बोटांना अजून चिखल्या आहेत. उद्या सकाळी माझा नंबर.

काल निघायच्या आधी, गडचांदूरच्या घरी, बाई म्हणाली, "चाल, मी आंघोळ घालून देतो तुले."

"मी काय बाळंतीण आहे?"

"बस गुमान."

मी न्हाणीत पाटावर बसले. एवढ्याशा पाटावर मी मावले, याचंच मला नवल वाटलं. तिने पाण्यात कडुनिंबाचा पाला टाकला होता. पाठ घासली, हात घासले, सैल पडलेल्या कातडीच्या घड्या एकेक उचलून धुतल्या, आणि त्यावर एक शब्द बोलली नाही. मग खांद्यावरून तांब्या ओतला आणि तिचा हात थांबला. मी मान खाली घालून पाहिलं. माझ्या गळ्याखाली, हाडामागे, पाणी साचलं होतं. चमचाभर असेल. तिथे मला हाड आहे, हे पन्नास वर्षांत मी पाहिलं नव्हतं.

बाईने ते पदराच्या टोकाने टिपून घेतलं.

"हे त्या ऑपरेशननं झालं," तिने विचारलं, "का त्या रोगानं?"

ऑपरेशननं, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. ती ते मानणार होती. मी नर्स आहे. माझं बोलणं ऐकून ती सगळ्या रस्त्यात शांत बसली असती, कदाचित तिने राजुऱ्याला उतरून चहाही घेतला असता. पण माझ्या डोळ्यांसमोर थर्मास धरून उभी असलेली त्या दिवशीची बाई आली, जिला वाचवायला मी लाडवाचं खोटं बोलले होते.

"मले नाई माहीत, बाई," मी म्हटलं.

बादलीत नळाचं पाणी पडत होतं.

"बरं," ती म्हणाली. "डोळे मीट." आणि तिने पुढचा तांब्या माझ्या डोक्यावर ओतला.